मॉरिशस कमी खर्चात: बस, डाळपुरी आणि वाऱ्याची दिशा

मॉरिशस म्हटले की आपल्याकडे मधुचंद्राची जाहिरात डोळ्यांसमोर येते: पाण्यावर तरंगणारी न्याहारी, खासगी किनारा आणि दोघांचे मिळून लाखालाखांचे पॅकेज. हे चित्र खोटे नाही. मात्र त्या बेटावर राहणारी सुमारे साडेबारा लाख माणसे अशी जगत नाहीत. ती बसने फिरतात, रविवारी डबे घेऊन किनाऱ्यावर जातात आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून डाळपुरी खातात. त्यांच्या वाटेने गेल्यास हा देश मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात येतो, असा माझा दोन सहलींचा अनुभव आहे. पहिल्या सहलीत आमचे बरेच पैसे वाया गेले. दुसरीत तसे झाले नाही. दोन्हींतील फरक कसा पडला, ते येथे सविस्तर मांडत आहे.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे नियोजन तिच्यावर उभे आहे. मॉरिशसमध्ये समुद्र, डोंगर आणि इतिहास जवळजवळ फुकट आहेत. पैसे लागतात ते विमानाला, चुकीच्या जागी घेतलेल्या खोलीला आणि टॅक्सीला. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा कायद्याने सार्वजनिक असल्यामुळे कोणतेही हॉटेल आपल्यासमोरच्या वाळूवरून कोणाला हाकलू शकत नाही. जो समुद्र पंचतारांकित हॉटेलच्या पाहुण्याला दिसतो, तोच शेजारच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली चटई टाकून बसलेल्याला दिसतो. म्हणून हॉटेल किती जवळ आहे यापेक्षा बसथांबा किती जवळ आहे, हे आधी पाहावे.

केव्हा जावे

हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा: गरम, दमट आणि पावसाळी. त्यातही जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने असतात. वादळ जवळ आले की हवामान खाते १ ते ४ अशा चढत्या श्रेणीचे इशारे देते आणि वरच्या श्रेणीत बस, दुकाने, विमाने सगळे थांबते. स्वस्त तिकिटाच्या मोहाने फेब्रुवारीत गेलेल्या माणसाचे दोन दिवस खोलीत अडकून पडण्यात जाऊ शकतात, याची तयारी ठेवूनच तो महिना निवडावा. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा; हवा कोरडी आणि सुखद असते, पण जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राचे पाणी २२-२३ अंशांपर्यंत उतरते. आपल्याला ते पहिल्या बुडीला चांगलेच गार लागते.

भाड्यांचा विचार केला तर नाताळ आणि नववर्षाचे दोन आठवडे पूर्णपणे टाळावेत. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातील सुट्ट्यांमुळे खोल्या महागतात. मे-जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ हवा आणि दर या दोन्हींच्या दृष्टीने उत्तम असतो. आपल्या शाळांची मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी नेमकी या काळात येते, ही महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी मोठीच सोय आहे.

आता वाऱ्याविषयी, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. हिवाळाभर या बेटावर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि पूर्व व आग्नेय किनाऱ्यावर ते थेट आदळतात. आम्ही जुलैमध्ये पूर्वेच्या बेल मार भागात सहा रात्रींची खोली घेतली होती. छायाचित्रात पाणी आरशासारखे दिसत होते. प्रत्यक्षात वाळू पायांना टोचत होती, चटईच्या चारही कोपऱ्यांवर चपला ठेवाव्या लागत होत्या आणि माझी धाकटी मुलगी टॉवेलमध्ये गुंडाळून, पाठ समुद्राकडे करून बसली होती. त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावर वारा जवळजवळ नव्हता, हे आम्हाला नंतर कळले. मधला डोंगराळ भाग वारा अडवतो, त्यामुळे हिवाळ्यात पश्चिम आणि वायव्य बाजू शांत असते. मे ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यासाठीचा मुख्य मुक्काम पश्चिमेला किंवा उत्तरेला करावा आणि पूर्वेला एखाद्या दिवसापुरते जाऊन यावे. ऑक्टोबरनंतर पूर्व किनाराही सुरेख होतो.

कागदपत्रे आणि पैसा

भारतीय पारपत्रधारकाला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर प्रवेशाची परवानगी मिळते. त्यासाठी परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेची खात्री आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवावा. निघण्यापूर्वी एक प्रवासी अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. हा सरकारी अर्ज विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे मध्यस्थांची असतात, त्यांच्याकडे वळू नये. औषधांच्या बाबतीत तिथले नियम कडक आहेत, म्हणून नेहमीच्या गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात. फळे, रोपे आणि बिया नेऊ नयेत.

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत पोहोचते आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. विमानभाडे हा एकूण खर्चातील सर्वांत मोठा भाग असल्याने तारखा आधी विमानाच्या दरावरून ठरवाव्यात आणि मग राहण्याची जागा शोधावी. आखाती देशांमार्गे जाणारी तिकिटे कधी स्वस्त दिसतात, परंतु त्यात प्रत्येक दिशेला जवळजवळ एक दिवस जातो आणि त्या दिवसाचे जेवणखाणही आपल्याच खिशातून होते. मुले बरोबर असल्यास थेट विमानासाठी थोडे जास्त देणे मला योग्य वाटते.

चलनालाही तिथे रुपयाच म्हणतात, यातून पहिल्या दोन दिवसांत गोंधळ होतो. त्यांचा एक रुपया आपल्या जवळपास पावणेदोन ते दोन रुपयांइतका असल्यामुळे तिथली प्रत्येक किंमत मनात दुप्पट करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. हिशेब नेहमी सुरक्षित बाजूला राहतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्डाची सुविधा सुरू झाली आहे. तरीही बस, बाजार आणि खाण्याच्या गाड्या यांसाठी सुटे पैसेच लागतात, तेव्हा दर सकाळी खिशात नाणी आणि लहान नोटा असू द्याव्यात.

राहण्याच्या जागेचे दर बहुधा युरोमध्ये सांगितले जातात. दर विचारताना सरकारी पर्यटक शुल्क त्यात धरले आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे, कारण ते माणशी आणि रात्रीच्या हिशेबाने लागते आणि चौघांच्या आठ रात्रींना त्याची रक्कम जाणवण्याइतकी होते.

मुक्काम कोठे करावा

मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर आहे. नकाशावर ते इतके छोटे दिसते की एकाच ठिकाणी राहून सगळे पाहता येईल असे वाटते. गाडी भाड्याने घेतली तर ते शक्यही आहे. पण बसने फिरायचे असेल तर एकाच मुक्कामामुळे रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात. म्हणून आठ रात्रींच्या सहलीत दोन मुक्काम ठेवावेत, असे मी सुचवीन.

पहिला मुक्काम आग्नेयेच्या माहेबूर गावात. विमानतळ येथून जेमतेम आठ-दहा किलोमीटर आहे, त्यामुळे उतरल्या उतरल्या बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंतची महागडी टॅक्सी करावी लागत नाही. हे जुने, संथ, मासेमारांचे गाव आहे. घरगुती गेस्टहाऊस स्वस्त आहेत, सोमवारी मोठा बाजार भरतो आणि ब्लू बेचा किनारा बसने थोड्याच वेळात गाठता येतो. ब्लू बे हे संरक्षित सागरी उद्यान आहे आणि प्रवाळ पाहण्यासाठी त्यासारखी सोपी जागा बेटावर दुसरी नाही. तळाला काच असलेल्या होडीतून तासाभरात ते पाहता येते. किनाऱ्यावरच होड्या असतात आणि हॉटेलमार्फत ठरवण्यापेक्षा तिथे जाऊन बोलणे स्वस्त पडते. गावातील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. ऑगस्ट १८१० मध्ये याच खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवले होते आणि तरीही त्याच वर्षाअखेर बेट इंग्रजांकडे गेले, ही सगळी हकिगत तिथे नीट कळते.

दुसरा मुक्काम उत्तरेला किंवा पश्चिमेला. उत्तरेत ग्राँ बे हे सर्वांत गजबजलेले ठिकाण आहे. तिथे राहण्यापेक्षा शेजारच्या पेरेबेर किंवा त्रू ओ बिश येथे समुद्रापासून पाच-दहा मिनिटे आत असलेला, स्वयंपाकघरासह मिळणारा छोटा स्टुडिओ घ्यावा. समुद्रासमोरच्या आणि आतल्या गल्लीतल्या खोलीच्या दरात मोठी तफावत असते आणि मधले अंतर मात्र चपला घालून चालत जाण्याइतकेच असते. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकचा किनारा लांबलचक आहे, तिथला सूर्यास्त पाहण्यासारखा असतो आणि राजधानी पोर्ट लुई व कात्र बोर्न या दोन्ही शहरांना थेट बस आहे. हिवाळ्यात जाणाऱ्याने मी तर फ्लिक आँ फ्लाकच निवडावे असे म्हणेन. दुकानातून पाव, भाज्या, फळे आणि अंडी आणून सकाळची न्याहारी आणि एखादे जेवण खोलीवर केले, तर खाण्याचा खर्च निम्म्यावर येतो. आम्ही मुंबईहून पोहे, उपम्याचा रवा आणि मेतकूट नेले होते आणि पावसाळी संध्याकाळी त्याचा फार उपयोग झाला.

बसने फिरण्याची रीत

मॉरिशसमध्ये बसचे जाळे दाट आहे आणि लांबच्या मार्गाचे भाडेही तिथल्या शंभर रुपयांच्या आत असते. बसमध्ये कंडक्टर असतो, तो जागेवर येऊन कागदी तिकीट देतो. तपासनीस मध्येच चढतो म्हणून तिकीट उतरेपर्यंत सांभाळावे. थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबेलच असे नाही. मोठ्या बॅगा ठेवायला बसमध्ये वेगळी जागा नसते, त्यामुळे मुक्काम बदलण्याच्या दिवशी टॅक्सी घ्यावी आणि बाकी सर्व दिवस बस वापरावी. शाळा सुटण्याच्या वेळी, म्हणजे दुपारी अडीच-तीननंतर, बस खच्चून भरतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेवटची बस. शहरांमधील मार्ग रात्री आठपर्यंत चालतात, पण खेड्यांकडच्या आणि किनाऱ्याकडच्या मार्गांवर संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सामसूम होते. हिवाळ्यात सूर्य पावणेसहाच्या आसपासच मावळतो. सूर्यास्त बघत बसलेल्या माणसाला परत जायला टॅक्सीशिवाय काही उरत नाही आणि टॅक्सीत मीटरने पैसे घेण्याची पद्धत नसल्यामुळे त्या वेळी चालक सांगेल ते भाडे द्यावे लागते. म्हणून सूर्यास्त नेहमी मुक्कामाच्या किनाऱ्यावरच पाहावा. टॅक्सी करावीच लागली तर आत बसण्यापूर्वी पूर्ण भाडे ठरवावे, जाऊन-येऊन की एका दिशेचे तेही स्पष्ट करावे.

पोर्ट लुईपासून मधल्या पठारावरच्या क्युरपिपपर्यंत मेट्रो आहे. भारताच्या साहाय्याने, लार्सन अँड टुब्रोने ती बांधली. रोझ हिल, कात्र बोर्न आणि व्हाकोआ ही शहरे तिच्यावर आहेत. मेट्रोने कात्र बोर्नला उतरून तिथून फ्लिक आँ फ्लाकची बस धरणे ही पश्चिमेला राहणाऱ्यांची नेहमीची वाट आहे.

एकच दिवस मात्र असा आहे की ज्या दिवशी बसचा हट्ट धरू नये. बेटाचा नैर्ऋत्य डोंगराळ कोपरा, म्हणजे शामारेल, ब्लॅक रिव्हर घळीवरची दृश्यस्थळे आणि गंगा तलाव, हा भाग बसने जोडणे फार कष्टाचे आहे. एका दिवसासाठी गाडी भाड्याने घ्यावी किंवा टॅक्सी ठरवावी. चौघांत वाटल्यास ती जड होत नाही. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी असल्याने गाडी चालवणे सोपे जाते, पण वेग मोजणारे कॅमेरे जागोजागी आहेत हे ध्यानात ठेवावे. त्या दिवशी सकाळी लवकर शामारेलला जावे. तिथल्या सप्तरंगी मातीच्या टेकड्या सकाळच्या तिरप्या उन्हात खरोखर तांबूस-जांभळ्या दिसतात, भर दुपारी त्याच फिकट वाटतात. प्रवेशशुल्काचे पैसे वसूल व्हायचे असतील तर वेळ सांभाळावी. धबधबाही त्याच तिकिटात पाहता येतो. पुढे राष्ट्रीय उद्यानातली घळीची दृश्ये आणि अलेक्झांड्रा धबधबा विनामूल्य आहेत.

दिवसाचा शेवट गंगा तलावापाशी करावा. ज्वालामुखीच्या मुखात साचलेले हे तळे तेथील हिंदूंचे सर्वांत मोठे तीर्थ आहे आणि महाशिवरात्रीला लाखो भाविक बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात. प्रवेशाजवळची शंकराची १०८ फुटी उभी मूर्ती दुरूनच दिसते. पठारावर किनाऱ्यापेक्षा चांगलेच गार असते आणि पाऊस केव्हाही येतो, म्हणून पोहण्याच्या कपड्यांवर निघालेल्यांनीही एक जाकीट बरोबर ठेवावे.

किनारे

कोकणच्या माणसाला पहिला धक्का बसतो तो भरती-ओहोटीचा. आपल्याकडे तासाभरात पाणी कोठल्या कोठे जाते. मॉरिशसमध्ये हा फरक जेमतेम अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे वेळापत्रक पाहून समुद्रावर जाण्याची गरज पडत नाही. दुसरी गोष्ट प्रवाळाच्या कड्याची. जवळजवळ साऱ्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि लाटा दूर तिच्यावर फुटतात. पांढरी रेघ दिसते, ती हीच. रेघेच्या अलीकडचे पाणी उथळ आणि शांत असते, म्हणूनच लहान मुलांना घेऊन जाण्यासाठी हे बेट इतके चांगले आहे.

मात्र दक्षिणेला सुयाकजवळ या भिंतीत खंड आहे. तिथल्या ग्री-ग्री येथे समुद्र थेट काळ्या कड्यांवर आपटतो. जागा भव्य आहे, अवश्य पाहावी, परंतु पाण्यात अजिबात उतरू नये. इतर ठिकाणीही प्रवाळातील फटींजवळ, जेथून होड्या बाहेर जातात, ओढ जोरदार असते. तिकडे पोहत जाऊ नये. तळाशी काटेरी समुद्री अर्चिन आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो, त्यामुळे रबरी बूट घरूनच न्यावेत. तिथल्या पर्यटकांच्या दुकानांत ते महाग मिळतात. पोहण्याचा चष्मा आणि नळीही घरून नेली तर भाड्याचे पैसे वाचतात. प्रवाळावर उभे राहू नये आणि शंख-शिंपले उचलून आणू नयेत. हा केवळ नियमाचा प्रश्न नाही. ती भिंत मेली तर हे शांत पाणीही राहणार नाही.

कोणत्या किनाऱ्यावर जावे? उत्तरेत माँ श्वाझी सर्वांत प्रशस्त आहे आणि सुरूची सावली मुबलक आहे. मुलांसाठी पेरेबेरची छोटी खाडी उत्तम. नैर्ऋत्येचा ल मोर्न माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर. मागे ५५६ मीटर उंचीचा सरळसोट कडा आणि समोर निळे-हिरवे पाणी, असा तो देखावा आहे. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी या डोंगराचा आसरा घेतला होता आणि २००८ साली त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. डोंगराचा खालचा टप्पा सोपा आहे, वरचा खडा आहे. तो वाटाड्याशिवाय करू नये. सह्याद्रीत भटकलेल्यांना त्यापेक्षा पोर्ट लुईच्या मागचा ल पूस, म्हणजे अंगठा, हा ८१२ मीटरचा डोंगर अधिक आवडेल: चढ बेताचा, प्रवेश मोफत आणि माथ्यावरून सगळी राजधानी पायांशी.

ईल ओ सेर्फ या छोट्या बेटावर सगळेच जातात. त्यासाठी दिवसभराची कॅटामरानची, म्हणजे मोठ्या जोड-होडीची, सहल घेण्याची आवश्यकता नाही. पूर्वेच्या त्रू दो दूस गावातून साध्या होड्या ये-जा करतात. पाणी, खाणे बरोबर न्यावे आणि परतीच्या शेवटच्या होडीची वेळ चढण्यापूर्वीच विचारून घ्यावी. डॉल्फिन दाखवणाऱ्या पहाटेच्या सहलींवर मात्र मी पैसे खर्च करणार नाही. दहा-बारा होड्या एकाच कळपामागे धावतात, ते पाहून आनंद होण्याऐवजी वाईटच वाटते.

आणि एक रविवार सार्वजनिक किनाऱ्यासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी मॉरिशसची कुटुंबेच्या कुटुंबे मोठी पातेली घेऊन सुरूच्या झाडांखाली उतरतात. एका दुपारी फ्लिक आँ फ्लाकला आमच्या शेजारच्या मंडळींनी वाळलेल्या पानांचा जाळ केला आणि बकऱ्याच्या कातड्याची मोठी, पसरट डफासारखी रावान त्यावर धरली. एकजण ती फिरवत होता, दुसरा बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होता. कातडे ताणले जाऊन टिचकी खणखणीत वाजू लागली तेव्हा कोठे सेगा, म्हणजे तिथले लोकगाणे आणि नाच, सुरू झाला. याच सेगाच्या कार्यक्रमासाठी हॉटेले जेवणासह चांगलीच रक्कम घेतात.

खाणे

डाळपुरीवर या देशाचे पोट चालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ती आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीण आहे: पिवळ्या डाळीचे कोरडे सारण, हळद-जिऱ्याचा वास आणि तलम मऊ पोळी. विकणारा झाकलेल्या भांड्यातून दोन पोळ्या उचलतो, एकीवर एक सरकवून ठेवतो, मधोमध मोठ्या वालाच्या रश्शाचा एक पळा, टोमॅटोची चटणी आणि मागितल्यास मिरचीचा ठेचा घालतो, मग गुंडाळी करून कागदात देतो. मिरचीला तिथे हलके घेऊ नये. दोन गुंडाळ्यांत एका माणसाचे जेवण होते आणि ते शाकाहारी असते, हे आपल्यापैकी अनेकांच्या दृष्टीने महत्त्वाचे. गातो पिमाँ म्हणजे डाळवडेच. सकाळी पावात घालून खातात. पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात अलूदा प्यावा. दूध, सब्जा आणि चायनाग्रासचे तुकडे घातलेला हा थंड पेला फालुद्याचाच भाऊबंद आहे. अननसाला मिरची-मीठ आणि चिंच लावून देतात, तेही सोडू नये.

पोर्ट लुईला एक पूर्ण दिवस द्यावा, तोही रविवार सोडून. बाजारापासून चालत काही मिनिटांवर आप्रवासी घाट, म्हणजे मजुरांना उतरवून घेण्याची जुनी जागा, आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून भारतातून आलेल्या मजुरांपासून १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर या बंदरात उतरले. प्रवेश विनामूल्य आहे. शनिवारी घाट दुपारी लवकर बंद होतो. आत जाऊन त्या झिजलेल्या दगडी पायऱ्यांसमोर उभे राहावे. त्या वाटेने मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरीकडची माणसेही आली होती. त्यांचे वंशज आज स्वतःला मराठी म्हणवतात, शाळांतून मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीची त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. फ्लिक आँ फ्लाकला जाण्याच्या रस्त्यावरचे कास्कावेल हे अशाच मराठी वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सहल आखणाऱ्यांनी गणपतीच्या तारखा जुळवून पाहाव्यात. बसमध्ये आमच्या शेजारी बसलेल्या एका आजींनी आमचे बोलणे ऐकून तिथल्या क्रिओल बोलीत काहीतरी विचारले, आम्हाला कळले नाही. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून हळूच "मराठी" एवढा एकच शब्द उच्चारला. पुढचा थांबा येईपर्यंत त्यांनी माझ्या पत्नीचा हात सोडला नाही.

उत्तरेत राहत असल्यास पांप्लमूसची वनस्पतिबाग अर्ध्या दिवसात होते. तिथली परातीएवढ्या, काठ दुमडलेल्या पानांची महाकमळे प्रसिद्ध आहेत. परदेशी पर्यटकांना शुल्क आहे, पण बागेला बसने जाता येते. ग्राँ बेहून पुढे काप मालेरेचे लाल छपराचे चर्चही बसच्याच वाटेवर आहे.

सामानात टाकायच्या काही बारीक गोष्टी राहिल्या. तिथे इंग्लंडच्या चौकोनी तीन पायांच्या आणि युरोपच्या दोन गोल पायांच्या अशा दोन्ही प्रकारच्या वीजजोडण्या असतात, म्हणून एक जुळवणी-प्लग न्यावा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने बाजारासाठी दोन कापडी पिशव्या हव्यात. उन्हाचे मलम आणि पाण्याच्या बाटल्या घरूनच न्याव्यात. सिमकार्ड विमानतळावर पारपत्र दाखवून मिळते. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटाच्या उत्तर टोकाला असाल, तर विमानतळापर्यंतची सुमारे ६५-७० किलोमीटरची टॅक्सी आदल्या दिवशीच, भाडे ठरवून, गेस्टहाऊसच्या मालकांकरवी सांगून ठेवावी. आम्ही ते केले नव्हते आणि पहाटे चार वाजता अंधाऱ्या रस्त्यावर बॅगांसह उभे राहून टॅक्सीची वाट पाहिली होती.